जावातली रंगीत चौकोनांची जाळी: खिडकी ओढली की रंग बदलायचे

बेळगावात डिप्लोमाच्या जावा प्रोग्रॅमिंगच्या प्रॅक्टिकलसाठी १० बाय १० रंगीत चौकोन काढत होतो. जाळी यायची, पण खिडकी जरा ओढून मोठी केली की सगळे रंग नवे!

रँडमला (यादृच्छिक आकडे देणारा क्लास) ठरावीक सीड, म्हणजे सुरुवातीचा आकडा दिला, तर प्रोग्रॅम चालवला की दर वेळी तेच चित्र. रिपेंट (चित्र पुन्हा काढायला सांगणारी ओळ) काढून टाकलं, फरक शून्य. खानापूरच्या घरी पावसात वीज जात-येत, त्यात दोन संध्याकाळी गेल्या.

चूक अशी, की रंग मी पेंटकॉम्पोनंटमध्येच (चित्र काढणारी मेथड) ठरवत होतो. ती मेथड स्विंग (जावाची खिडक्या-बटणांची लायब्ररी) हवी तेव्हा बोलावतं, खिडकी ओढली तरी; म्हणून दर वेळी नवे रंग.

आता क्रम. जेपॅनलच्या (खिडकीतला चित्र काढायचा फलक) सबक्लासमध्ये कलरचा १० बाय १० अ‍ॅरे (रंगांचा तक्ता) फील्ड म्हणून घ्या. तो कन्स्ट्रक्टरमध्ये (फलक तयार होताना चालणारा कोड) एकदाच भरा. लाल, हिरवा, निळा तिन्हींना रँडमचं नेक्स्टइंट २५६, म्हणजे ० ते २५५ मधला आकडा (२५५ दिलं तर २५४च्या पुढे जात नाही). पेंटकॉम्पोनंटमध्ये पहिली ओळ सुपरच्या पेंटकॉम्पोनंटची, मग अ‍ॅरेतला रंग सेटकलरला आणि चौकोन भरायला फिलरेक्ट. त्यात आधी स्तंभ गुणिले ४०, नंतर ओळ गुणिले ४०. मी उलटं लिहिलं होतं. चौरस जाळीत ते कळतही नाही. गेटप्रिफर्डसाइझमधून ४०० बाय ४०० द्या आणि फ्रेमला (बाहेरची खिडकी) सेटसाइझऐवजी पॅक करा, म्हणजे ती आतल्या मापाप्रमाणे बसते, नाहीतर टायटल बारच्या जागेपायी खालची रांग कापली जाते.