जास्वंदीवरील पिठ्या ढेकूण: रासायनिक औषधाविना बंदोबस्त

गॅलरीतल्या जास्वंदीच्या कोवळ्या शेंड्यांवर आणि कळ्यांच्या देठांशी कापसासारखे पुंजके दिसू लागले, खालची फरशी चिकट झाली, की पिठ्या ढेकूण, म्हणजेच नर्सरीवाल्यांचा मिलीबग, आला असे समजावे. लगेच फवारणी करू नये. या किडीच्या अंगावर मेणचट आवरण असते आणि त्यावरून पाणी नुसतेच ओघळून जाते.

प्रथम कुंडी इतर झाडांपासून दूर ठेवावी. फार किडलेले शेंडे कापून पिशवीत घट्ट बांधून कचऱ्यात टाकावेत. ते कंपोस्टमध्ये घालू नयेत. मातीवर प्लास्टिक अंथरून उरलेल्या फांद्या, पानांच्या मागच्या बाजू आणि बेचके पाण्याच्या जोरदार धारेने धुवावेत. बेचक्यात दडलेल्या पुंजक्यांना 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा टेकवावा. पांढरे आवरण विरघळते आणि आतली गुलबट कीड उघडी पडते. मात्र आधी एका पानावर लावून दुसऱ्या दिवशी ते करपले नाही ना, हे पाहावे.

त्यानंतर कडुनिंबाचे तेल वापरावे. 5 मिली तेलात भांडी घासण्याच्या द्रवरूप साबणाचे काही थेंब नीट घोटून मगच ते एक लिटर कोमट पाण्यात मिसळावे. साबण नसेल तर तेल वर तरंगते आणि पाने भाजतात. फवारणी उन्हे उतरल्यावर करावी, कारण तेलातला ॲझाडिरेक्टिन हा घटक उन्हात लवकर निष्प्रभ होतो. द्रावण त्याच दिवशी संपवावे. एक मादी शेकडो अंडी घालते आणि कापसाच्या पिशवीतली अंडी फवाऱ्यातून वाचतात, म्हणून दर आठवड्याला एकदा, असे तीन-चार वेळा तरी करणे भाग आहे. बहुतेकांचे श्रम वाया जातात ते इथेच.

मुंग्यांकडे दुर्लक्ष करू नये. किडीच्या गोड स्रावासाठी त्या तिची राखण करतात आणि तिला खाणाऱ्या कीटकांना हुसकावतात. कुंडी साबणाच्या पाण्याच्या ताटलीत विटेच्या तुकड्यांवर ठेवावी, पाणी दोन दिवसांनी बदलावे आणि फांद्या ग्रिलला टेकू देऊ नयेत.

त्या कीटकांपैकी एक म्हणजे 1898 मध्ये ऑस्ट्रेलियातून भारतात आणलेला क्रिप्टोलिमस हा भुंगेरा. त्याची अळी हुबेहूब पिठ्या ढेकणासारखी पांढरी व झुबकेदार असते. मीही पूर्वी अशा काही अळ्या पुसून टाकल्या असतील. मात्र ती आकाराने मोठी असते आणि भराभर चालते. अशा दोन-चार अळ्या दिसल्या, तर त्या फांदीवरची फवारणी थांबवावी.