चित्रं काढायला गावोगाव निघण्याआधी

झोळी भरण्याआधी महिना ठरवा. विदर्भात उन्हाळ्यात बाहेर बसून जलरंगात काम करायचं तर सकाळी सहा ते साडेनऊ एवढाच वेळ हाती असतो. त्यानंतर ब्रश फिरवून वळेपर्यंत ओला वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, सुकतो आणि आभाळात नको तिथे कडा उमटतात. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, तर निघूच नका. पावसाळ्यात उलटी गत, कागद वाळता वाळत नाही आणि काळ्या मातीत पाय रुततो. मला विचाराल तर दिवाळीपासून होळीपर्यंतचे दिवस खरे आपले. आधी वावरात कापूस फुटलेला आणि तुरीला पिवळा फुलोरा आलेला, मग फेब्रुवारी-मार्चात पळस. पळसाचं झाड रंगवायचं असेल तर आठवडाभरही लांबवू नका, फुलं झडायला वेळ लागत नाही.

मग ठिकाण, आणि एका दिवसात एकच. लोणारला पहिल्यांदा गेलो तेव्हा सरोवर, काठावरची देवळं, गावातलं दैत्यसूदनाचं मंदिर असं सगळं एका दिवसात आटपायला निघालो आणि पाच अर्धवट कागद घेऊन परतलो. ते विवर जवळपास 1.8 किलोमीटर रुंद आहे, ते एका कागदावर धरायचा हट्ट धरला की हाती बशी लागते. काठावरून एक तुकडा निवडा, त्यात झाडीतून डोकावणारं एखादं छोटं देऊळ घ्या. त्या देवळाच्या मापानेच खोली कळते. गडचिरोली जिल्ह्यातल्या मार्कंड्याला मात्र नदीच्या बाजूने बसायला जागा शोधून ठेवा. वैनगंगा तिथे उत्तरवाहिनी होते आणि देवळांच्या दगडावर सकाळचं ऊन पडलं की कोरीवकामाच्या सावल्या स्पष्ट दिसतात. महाशिवरात्रीच्या यात्रेत जायचं तर माणसांची रेखाटनं करायला जा, देवळाचं चित्र तेव्हा होत नाही. नरनाळा आणि गाविलगड हे किल्ले जंगलाच्या हद्दीत आहेत. आत सोडण्याची वेळ आदल्या दिवशी विचारून ठेवा आणि अंधाराआधी बाहेर पडाल असं काम घ्या.

सामान थोडंच. 300 जीएसएमचा, म्हणजे जाडसर, जलरंगाचा कागद, ए फोर आकाराचा, हार्डबोर्डवर दोन्ही बाजूंनी क्लिपा लावून. माळरानावरचा वारा कागद उचलतोच. दोन गोल ब्रश, एक सहा नंबरचा आणि एक दहाचा, आणि आभाळासाठी एक चपटा. रंग वडीचे घ्या, एसटीच्या गर्दीत ट्यूबचं टोपण निघालं की झोळीतलं सगळं रंगतं. वडी उन्हात कडक होते म्हणून पाणी उडवायची छोटी बाटली हवी. डोक्याला दुपट्टा, खाली बसायला पोतं. पाण्याच्या बाटल्या दोन, आणि रंगाच्या बाटलीला सुतळी बांधून ठेवा, म्हणजे तहानेच्या भरात चूक होत नाही. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात जाणार असाल तर ब्रश धुवायचं पाणी घरूनच न्या. तिथे गोड्या पाण्याची किंमत काय आहे ते घरोघरच्या बायांना विचारा. रंगाचं पाणी विहिरीजवळ, हापशीजवळ किंवा देवळाच्या पायरीवर ओतू नका.

रंगांपैकी काळा घरी ठेवा. आपली काळी माती काळी नसतेच. निळ्या अल्ट्रामरीनमध्ये तपकिरी बर्न्ट सिएना मिसळा. पाऊस पडून गेल्यावर निळा जास्त, उन्हाळ्यात भेगा पडल्या की तपकिरी जास्त आणि पाणी भरपूर. यलो ऑकर, अ‍ॅलिझरिन क्रिमझन आणि लेमन यलो घेतले की बाकी सगळं त्यातून निघतं.

आता कवेलू, म्हणजे छपराची मातीची कौलं. यासाठी हात आधीच बसवून जा, घरी दहा-वीस वेळा काढून पाहा, कारण विदर्भातलं गाव म्हणजे कवेलूचं छप्पर आणि नवखा माणूस ते पट्टी लावल्यासारखं सरळ काढतो. देशी कवेलू अर्धगोल, हाताने घडवलेलं, दोन कवेलू सारखे नसतात. पावसाळ्याआधी ते फेरतात तेव्हा फुटलेल्यांच्या जागी नवे बसतात. म्हणून काळवंडलेल्या छपरात मधेच चार-सहा लालभडक दिसतात. वळचणीची रेघ कुठे ना कुठे झुकलेली असते. ती झुकलेलीच ठेवा. एकेक कवेलू मोजत बसू नका. आधी पूर्ण छपराचा एक उबदार वॉश, मग फक्त सावलीच्या खोबणी, आणि कडेचे दहा-बारा नीट. सराव कुठे करावा म्हणाल तर सेवाग्रामला जा. बापू कुटीचं छप्पर, मातीच्या भिंती आणि त्यावर गांधीजींच्या शिष्या मीराबेननी मातीतच उठवलेली ताडाची झाडं, हे पाहून साधी भिंत किती बोलते ते कळतं. वऱ्हाडातली धाब्याची घरं वेगळी, सपाट माथ्याची, जाड भिंतींची. त्यांच्या कडा पावसाने झिजून गोल झालेल्या असतात, म्हणून सावलीची कडाही मऊ सोडा. ही घरं दरवर्षी कमी होताहेत. स्लॅब आणि टिनं येतात, राहणाऱ्यांना ते हवंही असतं. पण म्हणूनच आता काढून ठेवा.

बसल्यावर पहिली दहा मिनिटं रंग उघडू नका. तासाला सूर्य 15 अंश सरकतो, दोन तासांत सावली पार दुसरीकडे जाते. पेन्सिलीने सावल्यांच्या हद्दी आखून वेळ लिहा आणि शेवटपर्यंत त्याच पाळा.

परवानगीचं राहिलंच. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकात ट्रायपॉड किंवा स्टँड मांडण्याआधी तिथल्या रखवालदाराला विचारा. कोणाच्या घरासमोर बसणार असाल तर आधी दारात जाऊन सांगा. वणीकडच्या एका खेड्यात न विचारता बसलो होतो. आजी सपरीतून उठून आल्या, कागद बघितला. "माह्यं घर काढून रायला का बाबू? मंग तुयस काहून नाई काढली? ते वृंदावन माह्या सासूच्या हातचं हाये." मी ते फ्रेमच्या बाहेर ठेवलं होतं. कागद उलटून पुन्हा सुरुवात केली, आणि या वेळी आजींनीच बसायची जागा दाखवली, कडुलिंबाखाली, जिथून घर आणि तुळस दोन्ही दिसत होते.

तेव्हापासून झोळीत पोस्टकार्डाएवढे चार कागद जास्तीचे असतात. निघताना एक छोटं चित्र त्या घरी ठेवून येतो. मोठ्या चित्राच्या मागे गाव, तारीख, वेळ, आणि फोटोत येणार नाहीत ते रंग शब्दांत लिहितो: "भिंत शेणाने ताजी सारवलेली, हिरवट. दार निळं, उडालेलं. वृंदावनाला गेरू."