स्वतःची सुपरहिरो कॉमिक सिरीज काढायचीय? आधी आठ पानं पूर्ण करा

ज्यांना स्वतःचा सुपरहिरो काढायचाय त्यातल्या बहुतेकांकडे वहीभर मटेरियल तयार असतं. बावीस पात्रं, तीन ग्रह, खलनायकाच्या आजोबांचा इतिहास, पुढच्या पाच वर्षांचा प्लॅन, आणि कुणाला दाखवायचं म्हटलं तर पूर्ण झालेलं एक पान पण नसतं. माझं म्हणणं एवढंच की ती वही कपाटात ठेवा आणि आठ पानांची एक अख्खी गोष्ट काढा, जिला सुरुवात आहे, शेवट आहे आणि मागचंपुढचं काही माहीत नसलेल्या माणसाला पण ती कळते. युनिव्हर्स, म्हणजे पात्रांचं सगळं जग, नंतर वाढवा, वाचक ज्या पात्राबद्दल विचारायला लागतील तिकडून.

टर्टल्सचं उदाहरण बघा. १९८४ साली अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधल्या डोव्हर गावात केविन ईस्टमन आणि पीटर लेअर्ड या दोघांनी निन्जा टर्टल्सचा पहिला अंक स्वतःच छापला, काळापांढरा, साधारण ३००० प्रती, काकाकडून उसने घेतलेले पैसे घालून. आता गंमत अशी की त्यांचा मुख्य खलनायक श्रेडर पहिल्याच अंकात मरतो! कारण त्यांच्या डोक्यात सिरीज वगैरे नव्हतीच, एक अंक काढू आणि मजा करू एवढंच होतं. गोष्ट पूर्ण होती म्हणून लोकांना आवडली, लोकांना आवडली म्हणून पुढचे अंक आले, पुढे कार्टून, खेळणी, सिनेमे सगळंच आलं. उलटं धरायचं तर स्पॉन या अमेरिकन सुपरहिरो कॉमिकचा पहिला अंक १९९२ मध्ये सुमारे १७ लाख प्रती खपला, पण तो काढणारा टॉड मॅकफार्लेन आधीच स्पायडरमॅनमुळे स्टार होता आणि तेव्हा अमेरिकेत कॉमिक्सची लाट होती, त्यामुळे तो आकडा डोळ्यासमोर ठेवून कर्ज काढू नका.

हिरो ठरवताना पॉवर कमी आणि अट जास्त असं करा. समजा तुमची हिरो एसटीत कंडक्टर आहे, आणि तिकीट देताना ज्याच्या बोटाला तिचं बोट लागेल त्याने शेवटचं बोललेलं खोटं तिला ऐकू येतं. पण फक्त गाडी चालू असताना. गाडी थांबली की विषय संपला. ही अट असली की गोष्टी सुचायला त्रास होत नाही, कारण प्रत्येक वेळी गाडी कोण थांबवतंय आणि का, हाच प्रश्न उभा राहतो. ज्याला उडता पण येतं, गोळी पण लागत नाही आणि मनातलं पण कळतं त्याला अडचणीत आणायला लेखकाचाच घाम निघतो.

आता हिचंच एक पान मांडून बघू. पान नंबर ३, म्हणजे उघडलेल्या अंकात उजव्या हाताचं. पहिली चौकट रुंद, घाटात पाऊस आणि वळणावर एसटी. दुसरी चौकट लहान, दोन हात, मधे तिकीट. तिसरीत फक्त तिचा चेहरा, संवादाचा बलून नाही काही नाही. चौथीत समोरच्या प्रवाशाच्या मांडीवरची बॅग, चेन अर्धी उघडी. पाचवीत पाठमोरा ड्रायव्हर, "मॅडम, पुढं दरड आलीय, थांबवतो गाडी." संपलं पान. बॅगेत काय आहे ते वाचकाला पान उलटल्यावरच कळणार, आणि तोपर्यंत तिची पॉवर गेलेली असणार. छापील अंकात धक्का द्यायचा असेल तर तो डाव्या पानावर ठेवायचा, म्हणजे सम नंबरच्या, कारण उजवं पान तर डोळ्याच्या कोपऱ्यातून आधीच दिसून जातं. मोबाईलवर उभं स्क्रोल करायचं कॉमिक करत असाल तर पान उलटणं नसतंच, तिथे हे काम दोन चौकटींमधली मोकळी जागा करते, ८०० पिक्सेल रुंदीची पट्टी धरा आणि धक्क्याच्या आधी चांगला हातभर रिकामा भाग सोडा. दोन्हीकडे टाकायचं असेल तर पहिल्या दिवसापासून चौकटी सुट्या लेयरवर काढा, नाहीतर नंतर कापाकापी करताना रडाल.

स्क्रिप्ट लिहिताना एका चौकटीत एकच हालचाल. "तो दार उघडतो, आत येतो आणि खुर्चीवर बसतो" ही एक चौकट नाहीये, तीन आहेत. पानाला पाच-सहा चौकटी पुरे, आणि एका बलूनमध्ये पंधरा-वीस शब्दांच्या पुढे गेलात की चित्र झाकलं जातं. बलूनची जागा रफ स्केचमध्येच धरून ठेवा, चित्र पूर्ण झाल्यावर "आता कुठं टाकू" असं झालं तर हिरोच्या डोक्यावरच येतात ते.

मराठी लेटरिंगबद्दल, म्हणजे बलूनमधल्या अक्षरांबद्दल, कुणी बोलत नाही म्हणून जरा लांबण लावतो. आपल्या अक्षरांना वर वेलांट्या मात्रा आणि खाली उकार, त्यामुळे इंग्रजी कॉमिकच्या मापाने ओळी टाकल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारात घुसतो. ओळींमध्ये अंतर जास्त ठेवा आणि मग बलून मोठा होतो हे गृहीत धरूनच चित्र काढा. फॉन्ट जाड घ्या, बारीक शिरोरेघ छपाईत तुटते. 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे बलू आणि मुक्त हे दोन्ही फॉन्ट फुकट आहेत आणि कमर्शियल कामाला पण चालतात, संवादाला मुक्त आणि आरडाओरड्याला बलू असं मस्त जमतं. इलस्ट्रेटर किंवा फोटोशॉपमध्ये टाइप करताना सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर चालू केलाय ना बघा, नाहीतर पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते आणि जोडाक्षरं फुटतात. आवाजाचे शब्द, धाडकन, सटाक, खळ्ळ, हे मात्र फॉन्टने नको, हातानेच काढा.

आता सगळ्यात कंटाळवाणं पण सगळ्यात महत्त्वाचं, कागद. तुम्ही लिहिणार आणि मित्र चित्र काढणार असेल तर पहिलं पान काढायच्या आधी करार करा. मित्र आहे म्हणूनच करा. १९९३ मध्ये स्पॉनच्या ९व्या अंकासाठी मॅकफार्लेनने नील गेमन या नावाजलेल्या लेखकाला पाहुणा लेखक म्हणून बोलावलं होतं, त्यात अँजेला नावाचं पात्र आलं, आणि लेखी करार काही नव्हता. २००२ मध्ये दोघांचं प्रकरण कोर्टात गेलं, २००४ मध्ये अपील कोर्टाने पण गेमनला सहमालक ठरवलं, तडजोड व्हायला २०१२ उजाडलं आणि २०१३ मध्ये अँजेला चक्क मार्व्हलच्या कॉमिकमध्ये दिसायला लागली. एका अंकाचं पाहुणेपण, आणि भांडण जवळपास वीस वर्षांनी मिटलं.

आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा लागतो. फ्रीलान्स चित्रकाराने काढलेल्या चित्राचा पहिला मालक कोण यावर करार नसेल तर वाद होऊ शकतो, तुम्ही पानामागे पैसे दिलेत म्हणून ते आपोआप तुमचं झालं असं धरू नका. हक्क लिहून आणि सही करूनच हस्तांतरित होतात, आणि करारात मुदत लिहिली नाही तर ती ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. म्हणजे "सगळे हक्क दिले" एवढं एका ओळीत लिहून सह्या ठोकल्यात तर सहाव्या वर्षी परत चर्चा. त्यामुळे काय काय लिहायचं: पात्राचे मालक कोण आणि किती टक्के, पानाचा रेट, पुढे ॲनिमेशन किंवा टी-शर्ट झाले तर वाटणी कशी, एक जण सोडून गेला तर दुसरा सिरीज चालू ठेवू शकतो का, मूळ हाताने काढलेली पानं कोणाकडे राहणार. वकिलाकडून एकदा नजर फिरवून घ्या, एवढा खर्च करा.

कॉपीराइट काम तयार झालं की आपोआप असतो, नोंदणी सक्तीची नाही पण पुरावा म्हणून बरी, फी साधारण ५०० रुपये. नावाला मात्र कॉपीराइट कामाचा नाही आणि लोगोला तेवढाच पुरत नाही, तिथे ट्रेडमार्क, छापील मालासाठी क्लास १६, एकट्या माणसाला ऑनलाइन ४५०० रुपये एका क्लासचे. अर्ज नंतर केला तरी चालेल पण आयपी इंडियाच्या, म्हणजे ट्रेडमार्कच्या सरकारी साइटवर नाव आधी शोधून घ्या, तीन अंक निघाल्यावर नाव बदलायची वेळ आली तर अवघड होतं. (जाता जाता, "सुपरहिरो" हा शब्द अमेरिकेत कित्येक वर्षं मार्व्हल आणि डीसीच्या नावावर मिळून ट्रेडमार्क होता, २०२४ मध्ये तो रद्द झाला, कमाल आहे.)

छपाईला जाताना पानं ४ च्या पटीत, कारण सेंटर पिनिंगला कागद दुमडतो. २४ अधिक कव्हर हे पहिल्या अंकाला भरपूर झालं. चारी बाजूंनी ३ मिमी ब्लीड (कागद कापताना जाणारा जादा भाग), रंगीत पान ३०० डीपीआय, नुसतं काळं लाइनवर्क असेल तर ६००. आणि बलूनमधली अक्षरं फक्त काळ्या शाईत आहेत ना ते तपासा, चारही रंग मिसळून झालेलं काळं असेल तर प्लेट जरा जरी सरकली की अक्षरांना लाल-निळी सावली येते आणि अख्खा अंक डोळ्याला त्रास देतो. १००-२०० प्रती असतील तर डिजिटल, पाचशेच्या वर ऑफसेटचा भाव विचारा, आणि काहीही झालं तरी डमी, म्हणजे नमुना प्रत, हातात घेतल्याशिवाय ऑर्डर फायनल करू नका. रंगीत परवडत नसेल तर काळंपांढरं काढा, टर्टल्सचं काही अडलं नाही.

विकायला मुंबई किंवा पुण्याच्या कॉमिक कॉनला दोघा-तिघांत मिळून टेबल घ्या. दिवाळी अंकवाल्यांना चार पानांची स्वतंत्र गोष्ट पाठवा, पण ती जून-जुलैत पाठवा, गणपतीनंतर कोणाला वेळ नसतो. मराठीत एकेकाळी इंद्रजालचा वेताळ वाचणारी पिढी आता पन्नाशी-साठीत आहे आणि दिवाळी अंक विकत घेणारे पण बरेचसे तेच आहेत, हा वाचक आपल्याकडे कुणी धरतच नाही. किकस्टार्टरवर, म्हणजे लोकांकडून आधीच पैसे जमवायच्या परदेशी साइटवर, भारतातून प्रोजेक्ट टाकता येत नाही, तेव्हा प्री-ऑर्डर घ्यायची तर आपल्याकडचा प्लॅटफॉर्म किंवा सरळ यूपीआय. आणि पहिला अंक जाहीर करायच्या आधी पुढचे दोन अंक तयार हवेत. नोकरी सांभाळून एक माणूस पेन्सिल, इंक, रंग सगळं करतो तेव्हा एका पानाला दोन-तीन संध्याकाळी जातातच, हिशोब करा म्हणजे कळेल.

तीन-चार अंक निघाले, लोक स्टॉलवर येऊन "तो ड्रायव्हर परत कधी येणार" असं विचारायला लागले की मग वाढवायचं. ड्रायव्हरला लगेच स्वतःची सिरीज देऊ नका. आधी मुख्य अंकाच्या शेवटी आठ पानांची जोडगोष्ट, ती चालली तर एक स्वतंत्र अंक, तो चालला तर तीन-चार अंकांची मिनीसिरीज, आणि ती संपवा. इन्व्हिन्सिबल हे अमेरिकन सुपरहिरो कॉमिक २००३ ते २०१८ असं १४४ अंक चाललं, आजूबाजूला बाकी पात्रांच्या छोट्या सिरीज आल्या आणि गेल्या, पण मुख्य गोष्ट समजायला फक्त मुख्य अंक वाचले तरी पुरत होतं. हे पाळा. वाचकाला तीन वेगवेगळे अंक विकत घेतल्याशिवाय शेवट कळणार नसेल तर तो पहिला पण घेणं बंद करतो. हिंदीतल्या राज कॉमिक्सचं बघा, त्यांचा हिरो नागराज १९८६ मध्ये आला, ध्रुव १९८७ मध्ये, दोघांनी आपापले वाचक जमवले आणि मग एकत्र आले तेव्हा पोरं तुटून पडली. कोणालाच माहीत नसलेल्या दोन हिरोंचा क्रॉसओव्हर कोण घेणार?

दुसऱ्या कुणाच्या हिरोबरोबर टीम-अप करायचा असेल तर त्या एका अंकापुरता वेगळा कागद, पात्र ज्याचं त्याचं, आणि त्या गोष्टीत नवीन पात्र जन्माला आलं तर ते कोणाचं हे पण आधीच लिहा, अँजेला आठवा. नवीन चित्रकार येणार असेल तर पात्राची समोरून, बाजूने, पाठीमागून शीट आणि रंगांचे नंबर द्या. एक साधी फाइल ठेवा, कोणत्या अंकात काय छापलं गेलं त्याची, जे छापलं ते खरं, वहीतलं बाकी सगळं कधीही बदलायला मोकळं.

पाच-सहा अंक झाले की एकत्र खंड काढा. त्याला आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, घ्या, राजा राममोहन रॉय एजन्सीकडून फुकट मिळतो, छापील आणि ई-बुकला वेगवेगळा लागतो. आणि पैसे कमी असतील तर नवा अंक महिनाभर पुढे ढकला पण पहिला खंड संपू देऊ नका, कारण टेबलासमोर पहिल्यांदा उभा राहिलेला माणूस चौथा अंक हातात घेतो, चाळतो, आणि विचारतो, "एक नंबर आहे का?"