मेकअपची खरेदी: आधी घरातला डबा उघडावा

आपल्याला कोणता मेकअप शोभेल आणि तो किती पैशांत बसेल, हा प्रश्न पडला की बहुतेक जणी थेट दुकानाची वाट धरतात किंवा फोनवर एकामागून एक व्हिडिओ पाहत बसतात. माझ्या मते सुरुवात घरातल्या डब्यापासून करावी. जुने वर्तमानपत्र पसरून त्यावर सगळे सामान ओतावे आणि त्याचे दोन ढीग करावेत: एक, तळापर्यंत वापरून संपत आलेल्या वस्तूंचा आणि दुसरा, दोन-चारदा वापरून वाळून किंवा चिकट होऊन गेलेल्या वस्तूंचा. पहिला ढीग म्हणजे आपली खरी आवड, आणि दुसरा म्हणजे आपण जशा दिसू अशी आपली कल्पना होती तिची किंमत. माझ्या पहिल्या ढिगात काजळाच्या तीन संपत आलेल्या कांड्या, घासून घासून मध्यभागी पत्रा दिसू लागलेला कॉम्पॅक्ट (दाबून बसवलेल्या पावडरीची डबी) आणि काडीने कोरून वापरलेली एक विटकरी लिपस्टिक निघाली. दुसऱ्यात बारा रंगांची आयशॅडोची पेटी होती आणि तिच्यातले अकरा रंग जसेच्या तसे होते.

दुसऱ्या ढिगातल्या वस्तूंच्या किमती आठवतील तशा एका कागदावर मांडून त्यांची बेरीज करावी. ती करताना बरे वाटत नाही, पण पुढच्या वेळी कशावर पैसे घालू नयेत हे त्यातून जितके स्पष्ट कळते, तितके कोणत्याही सल्ल्यातून कळत नाही.

शैली म्हणजे ‘साधी’, ‘ठसठशीत’ अशी लेबले नव्हेत. ती आपल्या दिवसातून ठरते. सकाळी आरशासमोर खरोखर किती मिनिटे मिळतात, प्रवास लोकलच्या गर्दीतून होतो की दुचाकीवर तोंडाला रुमाल बांधून, दुपारी चेहरा पुन्हा नीट करायला सवड असते का, आणि कपाटातले बहुतांश कपडे कोणत्या रंगांचे आहेत, या चार गोष्टींची प्रामाणिक उत्तरे लिहून काढली की निम्मी निवड आपोआप होते. सात मिनिटे मिळणाऱ्या शिक्षिकेला पाच थरांचा मेकअप कितीही शोभत असला, तरी तो तिचा नव्हे. रुमाल किंवा मास्क बांधणारीने फाउंडेशनपेक्षा, म्हणजे चेहऱ्याचा रंग एकसारखा करणाऱ्या थरापेक्षा, डोळ्यांवर लक्ष द्यावे, कारण बाकीचे सारे कापडाला लागते. व्हिडिओतला मेकअप दिव्यांसाठी आणि कॅमेऱ्यासाठी केलेला असतो, हेही ध्यानात ठेवावे. आपल्या नाटकवाल्यांकडे रंगभूषा असा नेमका शब्द आहे. ती शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकासाठी असते, आणि म्हणूनच रंगपटात जाऊन जवळून पाहिली तर ती भडक वाटते. ऑफिसात आपल्याला लोक दोन हातांवरून पाहत असतात.

हवेचाही विचार करावा. मुंबई, कोकण आणि गोव्याच्या दमट हवेत जितके थर कमी तितके बरे. तिथे नाकाच्या आणि कपाळाच्या भागापुरती पावडर आणि पाण्याने न ओघळणारे काजळ एवढ्यावर पुष्कळ भागते. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हवेत किंवा पुण्याच्या थंडीत हीच पावडर गालांवर भेगाळते आणि द्रवरूप मॅट, म्हणजे चमक नसलेल्या, लिपस्टिकच्या ओठांवर खपल्या धरतात, त्यामुळे तिथे क्रीमसारखी, किंचित तेलकट प्रसाधने अधिक चांगली बसतात.

आता फाउंडेशन, कारण सर्वाधिक पैसे इथेच वाया जातात. एका नातलगाच्या लग्नासाठी मी पहिले फाउंडेशन घेतले, तेव्हा विक्रेतीने ते माझ्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून दाखवले आणि ‘एक शेड उजळच घ्या मॅडम, खुलून दिसेल’ असे सांगितले. दुकानात पांढऱ्या ट्यूबलाइटचा लखलखाट होता. त्यात ते सुरेखच दिसले. हॉलच्या दारात उन्हात काढलेल्या फोटोत मात्र माझा चेहरा राखाडी आणि गळा सावळा आला आहे, जणू दोन वेगळ्या माणसांचे अवयव जोडावेत तसा. चूक शेडइतकीच जागेचीही होती. मनगटाच्या आतल्या बाजूला ऊन लागत नाही, त्यामुळे तिथल्या त्वचेचा चेहऱ्याशी मेळ नसतो.

योग्य पद्धत अशी आहे. चेहरा स्वच्छ धुऊन, फक्त सनस्क्रीन लावून दुकानात जावे. जवळजवळच्या तीन शेड निवडून त्यांच्या बोटभर लांबीच्या रेघा गालाच्या खालच्या भागापासून जबड्यावरून गळ्यापर्यंत ओढाव्यात, आणि मग दुकानाच्या बाहेर, दिवसाच्या उजेडात, पण थेट उन्हात नव्हे, छोट्या आरशात पाहावे. जी रेघ शोधावी लागते ती आपली. मात्र लगेच पैसे देऊ नयेत. बरीच फाउंडेशने हवा आणि त्वचेचे तेल लागून पंधरा-वीस मिनिटांत गडद होतात, म्हणून बाजारात एक फेरी मारून पुन्हा आरसा पाहावा. आपल्याकडे अनेकींचा चेहरा उन्हामुळे गळ्यापेक्षा गडद असतो आणि ओठांभोवती तर आणखी काळसर असतो. अशा वेळी गळ्याशी जुळणारी शेड घ्यावी आणि चेहऱ्याच्या मध्यभागी लावून कडांकडे विरवत न्यावी.

शेड फिकी-गडद असण्याइतकाच तिच्यातला छुपा रंग महत्त्वाचा असतो. मनगटाच्या शिरा निळ्या दिसतात की हिरव्या हे पाहण्याची युक्ती सर्वत्र सांगितली जाते, परंतु सावळ्या त्वचेवर शिरा धड दिसतच नाहीत, तेव्हा तिच्यावर विसंबू नये. त्याऐवजी सारख्याच गडदपणाच्या दोन शेड, एक पिवळसर झाकेची आणि एक गुलाबी झाकेची, जबड्यावर शेजारी शेजारी लावून कोणती विरघळते ते पाहावे. पिवळी हळदीसारखी आणि गुलाबी खडूसारखी दिसत असेल, तर आपल्या त्वचेत हिरवट झाक असण्याची शक्यता असते, आणि मग दोहोंच्या मधली, तटस्थ शेड मागावी. डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांवर उजळ कन्सीलर (डाग झाकणारे दाट प्रसाधन) थापणे हीसुद्धा नेहमीची चूक आहे; त्याने वर्तुळ राखाडी होते. आधी नारिंगी झाकेचा पातळ थर द्यावा आणि त्यावर त्वचेच्या रंगाचा कन्सीलर ठेवावा. सावळ्या रंगावर हा फरक डोळ्यांत भरतो.

लिपस्टिकची शेड हाताच्या पाठीवर ओढून ठरवणे म्हणजे जवळपास चिठ्ठी टाकून निवडणे. आपल्यापैकी अनेकींचे ओठ मुळात तपकिरी किंवा जांभळट असतात, वरचा ओठ खालच्यापेक्षा गडद असतो, आणि लिपस्टिकचा रंग या रंगात मिसळून तिसराच होतो. टेस्टर, म्हणजे दुकानात सगळ्यांसाठी ठेवलेला नमुना, ओठांना लावणे आरोग्याच्या दृष्टीने योग्य नसल्यामुळे बोटाच्या टोकावर, जिथे त्वचेचा रंग ओठांच्या अधिक जवळ असतो, तिथे लावून पाहावे आणि बोट ओठांजवळ धरून आरशात बघावे. ‘न्यूड’ नावाच्या फिकट शेड सावळ्या चेहऱ्यावर आजारी दिसतात. आपला न्यूड म्हणजे आपल्या ओठांहून अर्धी छटा गडद किंवा लालसर रंग, मग त्याचे नाव विटकरी असो, दालचिनी असो की सुकलेल्या गुलाबाचा. साडीच्या काठाशी लिपस्टिक तंतोतंत जुळवण्याचा आग्रह मला स्वतःला पटत नाही. पैठणी एवढी बोलकी असताना ओठांनी तिची नक्कल करण्याचे कारण नाही.

पैशांचा हिशोब दोन प्रकारे मांडावा लागतो. पहिला वजनाचा. काजळाच्या कांडीत बहुधा 0.35 ग्रॅम माल असतो, लिपस्टिकच्या कांडीत साधारण 3 ते 4 ग्रॅम, तर फाउंडेशनच्या बाटलीत बहुतेकदा 30 मिलिलिटर. ‘छोटा पॅक’ स्वस्त वाटतो, पण वजनाने भागले की तो अनेकदा महाग पडतो. तरीही नवी वस्तू पहिल्यांदा घेताना छोटा पॅकच घ्यावा, कारण न आवडलेली मोठी बाटली त्याहून महाग असते. दुसरा हिशोब वापराचा, आणि तो अधिक खरा. समजा 200 रुपयांचे काजळ रोज लावून 75 दिवस पुरले, तर ते दिवसाला पावणेतीन रुपयांच्या आत पडले. 900 रुपयांची लिपस्टिक सहा महिने रोज वापरली तर दिवसाला 5 रुपये होतात. 250 रुपयांची ‘ऑफरमधली’ लिपस्टिक चारदा लावून पडून राहिली, तर प्रत्येक वेळेचे 62 रुपये 50 पैसे झाले. एका चांगल्या लिपस्टिकला महाग म्हणणारी आपली जीभ अशा तीन स्वस्त लिपस्टिकवेळी गप्प बसते, हा माझा जुना अनुभव आहे.

पहिल्यांदाच खरेदी करणाऱ्या मुलीने दीड हजार रुपयांत काय घ्यावे, असे मला कोणी विचारले, तर मी सनस्क्रीनसाठी 400, काजळासाठी 200, रोजच्या लिपस्टिकसाठी 400, कॉम्पॅक्टसाठी 250 असे वाटप करीन आणि उरलेले 250 रुपये हातात ठेवीन. फाउंडेशन या यादीत नाही, हे जाणूनबुजून. लिपस्टिकचाच ठिपका बोटाने गालांवर विरवला की ब्लश होतो, आणि काजळाची रेघ ओल्या कापसाच्या काडीने पसरवली की डोळ्यांना धुरकट छटा येते. पैसे अधिक घालायचे असतील तर जे तासन्‌तास त्वचेवर राहते त्यावर घालावेत, म्हणजे सनस्क्रीन आणि फाउंडेशन. नेलपॉलिश, हायलायटर, हंगामी रंग यांत स्वस्तातले खुशाल घ्यावे.

खरेदी कुठेही करावी, तुळशीबागेत, क्रॉफर्ड मार्केटच्या गल्ल्यांत, मॉलमध्ये किंवा ऑनलाइन, पण वेष्टन वाचल्याशिवाय करू नये. उत्पादकाचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, घटकांची यादी, वापराची मुदत आणि एमआरपी छापलेली असायला हवी. आयात मालावर आयातदाराचे नाव आणि नोंदणी क्रमांकही असतो. परदेशी नाव, तिसऱ्या हिश्श्याने किंमत आणि आयातदाराचा पत्ताच नाही, असा माल हाती आला तर तो खाली ठेवावा. मुदत संपत आलेल्या वस्तूंवर मोठी सूट असते. त्या महिन्याभरात संपणाऱ्या असतील तरच घ्याव्यात. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ काढून ठेवला तर फुटलेला किंवा चुकीचा माल परत करताना वाद होत नाही.

त्वचेच्या बाबतीत काटकसर करू नये. कोणतीही नवी वस्तू कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडी लावून 24 ते 48 तास थांबावे. आठवड्यात गोरे करण्याचे वचन देणाऱ्या, धड लेबल नसलेल्या क्रीमपासून चार हात दूर राहावे, कारण अशा क्रीममध्ये पारा असू शकतो. आपल्या 2020 च्या प्रसाधन नियमांनी अशा प्रसाधनांत नकळत आलेल्या पाऱ्यालासुद्धा दशलक्षात 1 भागाची मर्यादा घातली होती. सुट्या विकल्या जाणाऱ्या सुरम्यात आणि काजळात शिसे असण्याचा धोका असतो. आणि एक गोष्ट मेकअपच्या सल्ल्यांत सहसा येत नाही: टिकलीच्या मागच्या गोंदात पॅरा-टर्शरी ब्युटाइल फिनॉल हे रसायन असले, तर काहींच्या कपाळावर त्या जागी खाज सुटते आणि पुढे पांढरा डाग पडतो. खाज सुटली की टिकली ताबडतोब बंद करून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. टिकलीची जागा बदलून तिथेही डाग आणण्यात शहाणपण नाही.

लग्नसमारंभासाठी वेगळी खरेदी करायची झाल्यास आधी घरी फ्लॅश लावून एक फोटो काढून पाहावा. पारदर्शक म्हणून विकली जाणारी सिलिका पावडर आणि झिंक किंवा टायटॅनियमचे सनस्क्रीन फ्लॅशमध्ये चेहऱ्यावर पीठ सांडल्यासारखे पांढरे उमटते. आरशात त्याचा मागमूसही नसतो. एखाद-दुसऱ्या समारंभासाठी पूर्ण संच विकत घेण्यापेक्षा त्या दिवसापुरते पार्लरमध्ये करून घेणे स्वस्त पडते, फक्त आपले काजळ आणि लिपस्टिक आपणच न्यावी.

घरी आल्यावर पहिले काम म्हणजे प्रत्येक वस्तूच्या तळाशी उघडल्याची तारीख कायम टिकणाऱ्या पेनाने लिहिणे. वेष्टनावर उघड्या डबीचे छोटे चित्र आणि त्यात 6एम, 12एम असा आकडा असतो, तो उघडल्यानंतरच्या महिन्यांचा असतो. मस्करा तीन महिन्यांनी टाकून द्यावा, मग आत कितीही उरलेला असो, आणि डोळ्यांचे सामान बहिणीलासुद्धा वापरायला देऊ नये. लग्नातले ते उजळ फाउंडेशन मी फेकले नाही. दोन शेड गडद अशी छोटी बाटली आणून दोन्हींचे दोन-दोन थेंब तळहातावर मिसळत मी ते सात महिन्यांत संपवले.