आखाजी ते आखाजी : शेतकरी घराचे अंदाजपत्रक आणि मुलांचा हिशेब

घरखर्चाचे नियोजन कसे करावे हे सांगणारे बहुतेक लेखन दर महिन्याच्या एक तारखेला पगार होणाऱ्या घरांसाठी लिहिलेले असते. खानदेशातल्या शेतकरी घरात पैसा असा येत नाही. कापसाची वेचणी दसरा-दिवाळीच्या सुमारास सुरू होते आणि भाव वाढेल या आशेवर विक्री फेब्रुवारी-मार्चपर्यंत लांबते. रावेर-यावल भागातल्या केळीच्या बागेला लागवडीपासून घड कापेपर्यंत जवळपास वर्ष जाते. नियमित म्हणावा असा दुधाचाच काय तो पगार, तोही जिथे जनावरे आहेत तिथे. अशा घराने आधी वर्षाचा हिशेब मांडावा आणि त्यातून महिन्याचा आकडा काढावा. मुलांनाही पैशाचा व्यवहार याच क्रमाने शिकवावा, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर पैसा वर्षातून एक-दोनदाच मोठ्या रकमेने येतो आणि बाकीचे महिने तो पुरवावा लागतो.

वर्षाची सुरुवात १ एप्रिलला न धरता आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला धरावी. पूर्वापार सालदाराचे, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचे सालही याच सुमाराला संपते आणि नवे ठरते. कापूस विकून झालेला असतो, खरिपाच्या बियाण्याचा खर्च अजून दारात आलेला नसतो आणि मुलांना सुटी असते. प्रत्यक्ष सणाच्या दिवशी माहेरवाशिणी, झोके आणि पुरणपोळ्यांच्या गडबडीत वही उघडणे शक्य नसते, म्हणून हे काम सण आटोपल्यावरच्या एखाद्या निवांत सकाळी करावे. सणाच्या दिवसांत पत्त्यांचे डाव मांडण्याची जी जुनी रीत गावोगाव चालत आली आहे, तिला मात्र अंदाजपत्रकात कोणतेही खाते नसावे. ‘सणापुरता खेळ’ म्हणून बसलेल्या माणसाच्या खिशातून बियाण्याचे पैसे गेल्याची उदाहरणे ज्या गावात नाहीत असे गाव सापडणे अवघड आहे.

वहीत पहिल्या पानावर गेल्या हंगामातले सगळे उत्पन्न लिहावे. आकड्यांसाठी एक कल्पित घर घेऊ. कापसाचे मिळून २,४०,००० रुपये हाती आले. त्यातून पीककर्जाची फेड, कृषी केंद्राची उधारी आणि वेचणीची मजुरी मिळून ७०,००० रुपये गेले. येत्या हंगामाची नांगरणी, बियाणे, खते आणि फवारणी यांसाठी ५०,००० रुपये बाजूला काढले. उरले १,२०,०००. बहुतेक घरांत चूक होते ती इथेच : कापसाची पट्टी हाती पडली की २,४०,००० हाच आपला पैसा आहे असे वाटू लागते, आणि मोटारसायकलचे बुकिंग, घराची रंगरंगोटी, लग्नातला आहेर हे सगळे त्या आकड्याकडे पाहून ठरते. घराचा पैसा फक्त उरलेला १,२०,००० रुपये आहे, हे वहीत मोठ्या अक्षरात लिहावे.

या रकमेतून वर्षातून एकदाच येणारे खर्च वेगळे काढावेत. उन्हाळ्यात वर्षभराचा गहू आणि तूरडाळ भरणे, लाल मिरची आणि मसाला करणे, पापड, कुरडया आणि बिबडे घालणे. जूनमध्ये वह्या, गणवेश आणि फी. श्रावणात खानदेशातल्या कानबाई देवीच्या सणाचे रोट. मग पोळा आणि दिवाळी. हे खर्च अचानक उद्भवत नाहीत, त्यांचे महिने आपल्याला ठाऊक असतात, तरीही ऐनवेळी त्यांच्यासाठी हातउसने घेतले जातात. आपल्या कल्पित घरात त्यांची बेरीज ३६,००० धरली तर ८४,००० रुपये राहतात, म्हणजे महिन्याला ७,०००. हा त्या घराचा ‘पगार’. एका बँक खात्यात मोठी रक्कम ठेवावी आणि दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला तेवढेच ७,००० दुसऱ्या, रोजच्या व्यवहाराच्या खात्यात वळते करावेत. फोनवरून पैसे देण्याची सोय फक्त या दुसऱ्या खात्याला जोडावी. दुधाचा पगार किंवा शिवणकामाचे पैसे येत असतील तर ते या ७,००० मध्ये मिसळू नयेत. त्यातून पोस्टाचे पाच वर्षांचे आवर्ती ठेव खाते चालवावे, जे दरमहा १०० रुपयांपासून उघडता येते.

जास्त व्याजाच्या मोहाने सगळी रक्कम एखाद्या पतसंस्थेत ठेवणे हा या भागातला जुना आजार आहे. बँकेतल्या ठेवींना, मग ती सहकारी बँक का असेना, प्रत्येक ठेवीदारामागे ५ लाख रुपयांपर्यंत ठेव विम्याचे संरक्षण असते. पतसंस्थेतल्या ठेवींना हे संरक्षण नसते. बियाण्याचे आणि घराच्या पगाराचे पैसे तरी पतसंस्थेत ठेवू नयेत.

कर्जाचा हिशेब मुलांना दाखवण्याजोगा आहे. गावात व्याज ‘शेकडा तीन’ असे सांगितले जाते आणि तीन हा आकडा लहान वाटतो, पण तो दरमहा असतो. ४०,००० रुपयांवर महिन्याला १,२०० आणि वर्षाला १४,४०० रुपये व्याज होते. तेवढ्याच रकमेचे पीककर्ज ७ टक्के दराने मिळते. मुदतीत फेडल्यास केंद्राची ३ टक्के सवलत मिळून ते ४ टक्क्यांवर, म्हणजे १,६०० रुपयांवर येते, आणि राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे ३ लाखांपर्यंतच्या पीककर्जावर नियमित फेड करणाऱ्याला व्याजाचा भार उरत नाही. सातवी-आठवीच्या मुलाला सरळव्याजाचे गणित शाळेत येतेच. ही दोन उदाहरणे त्याच्याकडूनच सोडवून घ्यावीत. घरावर कर्ज आहे हे मुलांपासून लपवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ओट्यावर बसून मोठी माणसे बोलतात ते मुलांच्या कानावर पडतेच, आणि अर्धवट ऐकलेल्या गोष्टीची भीती जास्त असते. किती, कोणाचे, कधी फेडायचे, एवढे तीन आकडे शांतपणे सांगावेत. सावकाराला शिव्या किंवा नशिबाला दोष त्या वेळी नको.

जळगावच्या सराफ बाजाराचा लौकिक मोठा असल्याने कापसाच्या पैशातून सोने घेण्याची ओढ असतेच, आणि अडीनडीला ते उपयोगी पडते हेही खरे. मात्र दागिना घेताना मुलीला सोबत नेऊन पावती वाचायला लावावी : वजन, त्या दिवसाचा भाव, घडणावळ आणि ३ टक्के जीएसटी. मोडताना घडणावळ आणि कर परत मिळत नाहीत, हे तिने पावतीवर पाहिले की बचत म्हणून दागिना घ्यावा की सोन्याचे साधे वळे, हे तिला वेगळे समजवावे लागत नाही.

लहान मुलांसाठी सर्वांत चांगली शाळा म्हणजे आठवडे बाजार. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला हिवाळ्यात भरिताची खरेदी सोपवून पाहावी. त्याच्या हातात १५० रुपये रोख द्यावेत आणि यादी त्यालाच लिहू द्यावी : भरिताची हिरवी वांगी, हिरव्या मिरच्या, लसूण, कांद्याची पात, कोथिंबीर, शेंगदाणे. आपण चार पावले मागे राहावे. पहिल्या पाटीवरची वांगी तो लगेच घेईल आणि पुढच्या पाटीवर तीच वांगी दहा रुपयांनी स्वस्त दिसतील. तेव्हा आपण काहीही बोलू नये. शेंगदाण्यांना पैसे कमी पडले तर वाढवून देऊ नयेत, घरात असतील तेवढे घालावेत किंवा भरीत त्यांच्याविना करावे. पुढच्या बाजारी तो आधी पूर्ण चक्कर मारून भाव विचारतो, आणि संध्याकाळी बाजार उठताना भाजी स्वस्त होते पण चांगली वांगी तोवर निघून गेलेली असतात, हेही त्याच्या लक्षात येते. हा सराव रोख पैशानेच करावा. फोन समोर धरून पैसे गेलेले मुलाला दिसतात, पण किती उरले ते दिसत नाही.

दहा वर्षांच्या पुढे आठवड्याला ठराविक रक्कम द्यावी. ती थोडी असली तरी चालेल, पण वार चुकू नये आणि मधे पुरवणी मिळू नये. घरकामाच्या बदल्यात पैसे देण्याची पद्धत मात्र मला मान्य नाही. गोठा झाडणे किंवा पाणी भरणे हे घरातल्या माणसाचे काम आहे, त्याला मजुरी लावली की उद्या आजीचे पाय चेपण्याचाही दर ठरेल. या वयानंतर बँकेच्या अटींनुसार मुलाला स्वतः चालवता येईल असे बचत खाते उघडता येते. आजोबांनी दिलेले पैसे त्यात त्याच्याच हाताने भरून घ्यावेत आणि पासबुकवर नोंद छापून आली की ती त्यालाच वाचू द्यावी. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेला जायचे असेल तर दोन महिने आधी सांगावे, म्हणजे पाळणे, खेळणी आणि खाऊ यांपैकी कशाला किती ठेवायचे हे तो आपल्या रकमेतून ठरवू शकेल.

कानबाईच्या रोटांना भाऊबंद एकत्र येतात आणि खर्च वाटून घेतला जातो. ती वर्गणीची वही एका वर्षी तेरा-चौदा वर्षांच्या मुलीकडे द्यावी. कोणाचे आले, कोणाचे राहिले, किराण्याला किती गेले, शिल्लक कोणाकडे ठेवली, हे सगळ्या भाऊबंदांसमोर वाचून दाखवायचे असल्यामुळे तिच्या नोंदी आपोआप नीट होतात. बेरीज जुळली नाही तर ‘किरकोळ’ नावाखाली ती जुळवून देण्याची मोठ्यांची सवय तिला लागू देऊ नये.

मुलगी दहा वर्षांच्या आतली असेल तर तिच्या नावाने सुकन्या समृद्धी खाते काढावे. वर्षाला किमान २५० रुपये भरावे लागतात, पैसे पंधरा वर्षे भरायचे असतात आणि खाते एकवीस वर्षांनी पूर्ण होते. घरातल्या कमावत्या माणसांनी बँकेतून प्रधानमंत्री जीवनज्योती आणि सुरक्षा विमा घेतलेला असावा. पहिल्याचा वार्षिक हप्ता ४३६ रुपये आणि दुसऱ्याचा २० रुपये असून दोन्हींत २ लाखांचे संरक्षण आहे, दुसऱ्यात ते अपघातापुरते. हे हप्ते मेअखेरीस खात्यातून आपोआप कापले जातात, आणि नेमक्या त्याच दिवसांत बियाण्यासाठी खाते रिकामे केलेले असते. म्हणून आखाजीच्या हिशेबातच माणशी ४५६ रुपये त्या खात्यात शिल्लक ठेवल्याची नोंद करावी, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात पासबुक भरून आणण्याचे काम मुलांकडे द्यावे.