प्लॅटिनमच्या क्रुसिबलमध्ये काय तापवावे, काय नाही: कोकणातल्या खनिज लॅबसाठी

प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियम, इरिडियम, रुथेनियम, ऑस्मियम. प्लॅटिनम गटातल्या या सहा धातूंचा मिळून मोठा खप गाड्यांच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये आणि रसायन कारखान्यांत होतो. नायट्रिक आम्ल करताना अमोनिया ज्या जाळीवरून जाळतात तीही प्लॅटिनम-रोडियमचीच असते. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या खनिज लॅबमध्ये मात्र हा गट भेटतो तो कपाटात कुलूपबंद ठेवलेल्या 25-30 ग्रॅमच्या क्रुसिबलच्या, म्हणजे नमुना तापवायच्या छोट्या भांड्याच्या रूपात. ते वर्षानुवर्षे टिकते, आणि चुकीचा एक नमुना पडला तर एका दुपारीत भोकही पडते.

क्रुसिबल कशाचे आहे हे आधी पाहा. निव्वळ प्लॅटिनम मऊ असते, चिमट्यानेही चेपते. म्हणून त्यात थोडे इरिडियम किंवा 5 ते 10 टक्के रोडियम घालतात. इरिडियम असलेले भांडे 900 अंशांच्या वर वजन गमावते, कारण इरिडियमचा ऑक्साइड उडून जातो. वजनी कामाला ते नको. 95 टक्के प्लॅटिनम आणि 5 टक्के सोन्याचे भांडे एक्सआरएफच्या (क्ष-किरणांनी घटक मोजण्याच्या) काचचकत्यांसाठी असते, त्यात नमुना बोरेटबरोबर वितळवून चकती ओततात. बोरेटचा वितळलेला रस त्याला चिकटत नाही, म्हणून चकती अलगद सुटते. चकतीसाठी ठेवलेला साचा इतर कामांना देऊ नका, त्याचा गुळगुळीत तळ गेला की चकतीही गेली.

कासार्डे-फोंडा पट्ट्यातली सिलिका वाळू हे या क्रुसिबलचे सर्वांत सरळ काम. क्रम असा:

1. वाळू अगेटच्या खलात 75 मायक्रॉनखाली वाटा. लोखंडी खलाने लोह येते, आणि काचेच्या धंद्यात लोहावरच वाळूचा भाव ठरतो. 110 अंशांवर वाळवा.
2. क्रुसिबल 1000 अंशांवर तापवून, डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) थंड करून तोला. 1 ग्रॅम नमुना घ्या, पुन्हा 1000 अंशांवर स्थिर वजन येईपर्यंत तापवा. ही घट म्हणजे एलओआय.
3. थोड्या पाण्याने भिजवा, 1:1 (आम्ल आणि पाणी समान) सल्फ्युरिक आम्लाचे 1 मिली आणि 40 टक्के हायड्रोफ्लोरिक आम्लाचे 10 मिली घाला. मापायला प्लॅस्टिकचा सिलिंडरच घ्या, हे आम्ल काच खाते.
4. फ्यूम हूडमध्ये सँड बाथवर हळू आटवा, उकळी येऊ देऊ नका. गार करून आणखी 5 मिली घाला आणि पांढरा दाट धूर थांबेपर्यंत आटवा.
5. आच हळूहळू वाढवत 1000 अंशांवर न्या, पाच-दहा मिनिटे ठेवा, थंड करून तोला.

दुसऱ्या आणि पाचव्या पायरीतल्या वजनांचा फरक म्हणजे सिलिका. समजा 1.0000 ग्रॅममधून एलओआय 0.0022 आणि उरलेला गाळ 0.0118, तर सिलिका 0.9860 ग्रॅम, म्हणजे 98.60 टक्के. सिलिका सिलिकॉन टेट्राफ्लोराइड होऊन उडते. सल्फ्युरिक विसरला तर टायटॅनियमही फ्लोराइड होऊन काही प्रमाणात उडते, आणि उरलेले फ्लोराइड ऑक्साइड होत नाहीत. दोन्हीकडून आकडा बिघडतो.

ही पद्धत समुद्राच्या वाळूला जशीच्या तशी लावू नका. तिच्यात शिंपल्यांचा चुरा असतो. तापवल्यावर त्याचा चुना होतो आणि सल्फ्युरिकने चुन्याचा कॅल्शियम सल्फेट. 56 भाग चुन्याचे 136 भाग सल्फेट होतात, आणि 1000 अंशांवर ते मोडत नाही. गाळ जड होतो, सिलिका कमी दिसते. अशा वाळूसाठी आधी सोडियम कार्बोनेटचे फ्यूजन करा, म्हणजे नमुना त्याच्यासोबत वितळवा, सिलिका वेगळी काढा आणि मगच तिच्यावर हायड्रोफ्लोरिक चालवा. खाऱ्या नमुन्यात दुसरा धोकाही आहे. मिठाचे क्लोराइड आणि नायट्रिक आम्ल एकत्र आले की अॅक्वा रेजियाच तयार होते, जे प्लॅटिनमला विरघळवते. नमुना आधी ऊर्ध्वपातित पाण्याने धुवा आणि धुतलेल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकून पाहा. पांढरे गढूळ झाले तर अजून मीठ आहे. ही चाचणी परीक्षानळीत करा. चांदीही प्लॅटिनमशी मिश्रधातू करते, ती क्रुसिबलपर्यंत यायला नको.

हायड्रोफ्लोरिकबद्दल थोडक्यात पण गांभीर्याने: पातळ आम्लाने भाजले तर सुरुवातीला दुखत नाही, नंतर आत हाडापर्यंत त्रास होतो. एकट्याने काम करू नका. पातळ डिस्पोजेबल ग्लोव्हज पुरत नाहीत, जाड निओप्रीनचे घाला. 2.5 टक्के कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल हूडच्या शेजारी असल्याशिवाय बाटली उघडू नका. अंगावर थेंब पडला तर कपडे काढून लगेच भरपूर पाण्याने धुवा, जेल चोळा आणि थेट दवाखान्यात जा. सांडलेले आम्ल चुन्याच्या पाण्यात जिरवा.

आता इतर नमुने. दापोली-मंडणगडकडचे बॉक्साइट आणि जांभा यांना 1 ग्रॅमला 5-6 ग्रॅम निर्जल सोडियम कार्बोनेट चालते. आधी मिसळून मग वरून थोडे पसरा, नाहीतर कार्बन डायऑक्साइडच्या बुडबुड्यांबरोबर नमुना उडतो. रेडीच्या लोहखनिजात काळजी हवी ती आचेची. हवा कमी पडली तर लोह धातुरूपात येऊन प्लॅटिनममध्ये शिरते. मग प्रत्येक तापवणीनंतर भांड्यावर तांबूस डाग उमटतो आणि वजन हलत राहते. मालगुंड-काळबादेवीच्या किनाऱ्यावरील काळ्या वाळूतल्या इल्मेनाइटला पोटॅशियम पायरोसल्फेटचे फ्यूजन लागते. ते सिलिकाच्या क्रुसिबलमध्ये करा, पायरोसल्फेट प्लॅटिनम थोडे थोडे खातो. कणकवली-जानवलीच्या क्रोमाइटला सोडियम पेरॉक्साइड लागते आणि पेरॉक्साइडने प्लॅटिनमचा नाश होतो. त्यासाठी झिर्कोनियमचे किंवा निकेलचे क्रुसिबल ठेवा.

भांडे फुटते ते बहुधा आम्लाने नव्हे, शिरकाव करणाऱ्या मूलद्रव्यांनी. शिसे, कथील, झिंक, आर्सेनिक, अँटिमनी, बिस्मथ, फॉस्फरस आणि कोळशासोबत तापलेल्या सिलिकेतून सुटलेले सिलिकॉन प्लॅटिनमशी कमी तापमानाला वितळणारे मिश्रण करतात. फॉस्फरसचे सुमारे 588 अंशांना, सिलिकॉनचे सुमारे 830 अंशांना. म्हणजे तुमची मफल (बंद विद्युत भट्टी) 1000 वर असताना भांड्याचा तळ द्रव होत असतो. फॉस्फेट नुसते निरुपद्रवी असते, पण जळका फिल्टर पेपर सोबत असला की त्यातून फॉस्फरस सुटतो. म्हणून फिल्टर पेपर मंद आचेवर, झाकण अर्धवट ठेवून, ज्वाळा न येऊ देता पांढरा होईपर्यंत जाळा. सल्फाइड असलेला नमुना आधी पोर्सिलेनमध्ये भाजून घ्या. अल्कली हायड्रॉक्साइड आणि सायनाइड यांना प्लॅटिनममध्ये जागा नाही.

आचेचीही तीच गोष्ट. एलपीजीची ज्योत पूर्ण निळी, धूर नसलेली हवी, आणि क्रुसिबल आतल्या निळ्या सुळक्याच्या वर. सुळका तळाला लागला की प्लॅटिनमात कार्बन शिरतो, पृष्ठ करडे, ठिसूळ होते. त्रिकोण पाइपक्लेचा वापरा, नायक्रोमचा उघडा नको. लाल झालेले भांडे लोखंडी किंवा पितळी चिमट्याने धरू नका, चिमट्याची टोके प्लॅटिनमची हवीत. मफलमध्ये आलमिनाची किंवा क्वार्ट्झची स्वच्छ पाटी ठेवा. ज्या मफलमध्ये कोळशाची राख काढता, तीत प्लॅटिनम ठेवू नका.

साफसफाईसाठी आधी 1:1 हायड्रोक्लोरिकमध्ये किंवा नुसत्या नायट्रिकमध्ये उकळा. एका वेळी एकच, दोन्ही कधीही एकत्र नाही. डाग उरला तर 3-5 ग्रॅम पोटॅशियम बायसल्फेट हळू वितळवा, मंद लाल आचेवर 10-15 मिनिटे भिंतींवर फिरवा, कोरड्या पोर्सिलेनच्या भांड्यात ओता आणि क्रुसिबल गरम पाण्यात उकळा. यातही थोडे प्लॅटिनम जाते, म्हणून रोजचा उपाय नव्हे. घासायला गोल कणांची वाळू हवी. समुद्र शेजारी असला तरी आपल्या किनाऱ्याची वाळू इथे नको. तिच्यातले इल्मेनाइटचे कण ओरखडे काढतात. वाकलेले भांडे लाकडी साच्यावर हलकेच दाबून सरळ करा, हातोडी लावू नका.

पावसाळ्यात डेसिकेटरमधली निळी सिलिका जेल लवकर गुलाबी होते. गुलाबी दिसताच 110-120 अंशांवर भाजून परत निळी करा. झाकणाला ग्रीस लावा, भांडे थंड होण्याची वेळ प्रत्येक वेळी सारखी ठेवा. लिथियम बोरेटही पाणी ओढते, फ्यूजनआधी ते तापवून घ्या.

प्रत्येक क्रुसिबलला क्रमांक द्या आणि वापरापूर्वी-नंतरची वजने वहीत लिहा. एका फ्यूजननंतर अचानक मोठी घट दिसली तर त्या नमुन्याच्या नावापुढे खूण करा, दुसरा तसा नमुना निकेलमध्ये घ्या. तळाला सूक्ष्म तडा किंवा भिंतीवर करडी पुटे दिसली की भांडे बाजूला काढा. रिफायनरी ते वजनावर घेते आणि मिळालेले प्लॅटिनम नव्या भांड्याच्या किमतीत वळते करता येते. द्यायच्या आधी धुऊन, वाळवून तोला आणि वजनाची लेखी पावती मागा.