तुळजापूरला निघताय? या चुका टाळा

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही हडपसरहून तुळजापूरला निघालो. गर्दी ओसरली असेल, मुलांना सुट्टी आहे, एवढाच हिशोब केला होता. सासूबाईंनी नवसाची हिरवी साडी अख्ख्या रस्ताभर मांडीवर धरली होती. पोचलो तर सिंहासन रिकामं आणि देवी पलंगावर. सीमोल्लंघन झालं की आई कोजागिरीपर्यंत श्रमनिद्रा घेते, हे घरात एकालाही आठवलं नव्हतं. अभिषेक बंद होते. घडी न मोडता साडी तशीच पुण्याला परत आली.

म्हणून सुट्ट्या पाहून तारीख ठरवू नका, आधी पंचांग उघडा. देवीची निद्रा वर्षातून तीनदा असते: भाद्रपद वद्य अष्टमीपासून घटस्थापनेपर्यंत, दसऱ्यानंतर कोजागिरीपर्यंत आणि पौषात शाकंभरी नवरात्राच्या आधी. तुळजाभवानीची मूर्ती चल आहे, म्हणूनच ती सिंहासनावरून पलंगावर नेता येते. तुमच्या घराण्याचे पुजारी ठरलेले असतील तर निघण्याआधी त्यांना एक फोन कराच. कोजागिरीला सोलापूरकडून पायी येणाऱ्यांनी रस्ता भरून जातो, त्या दिवसांत गाडी काढू नये. एरवीही मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमेला रांग मोठी असते. आम्ही मार्गशीर्षात बुधवारी पुन्हा गेलो, तेव्हा ओटी निवांत भरता आली.

एका दिवसात जाऊन येण्याचा हट्ट धरू नका. पुण्याहून अंतर जवळजवळ ३०० किलोमीटर आहे. त्यात अक्कलकोट आणि पंढरपूर कोंबलं की कुठलंच दर्शन धड होत नाही, ड्रायव्हरचे डोळे मिटायला लागतात ते वेगळंच. एक मुक्काम ठेवाच. रेल्वेने गेलात तर सोलापूरला उतरून पुढे एसटीने तासाभराची वाट आहे.

ओटीचं सामान डिकीत बॅगांखाली दाबू नका. खण, तांदूळ, हळकुंड, सुपारी, बांगड्या, नारळ एका पिशवीत करून हाताशी ठेवा.

गुडघे दुखणारं कोणी सोबत असेल तर एक गोष्ट लक्षात घ्या. इथे महाद्वारातून पायऱ्या उतरून देवळात जायचं असतं. कल्लोळ तीर्थ, गोमुख तीर्थ करत माणूस सहज खाली पोचतो आणि चढण लागते ती परतताना, रांगेत तास-दोन तास उभं राहून पाय भरून आल्यावर. तेव्हा ज्येष्ठांना दर्शनानंतर आवारातच थोडं बसू द्या, पाणी द्या, मग सावकाश वर आणा.